पाठमोरी बाजू

पहाटे पाचला चर्चच्या हॉलमध्ये सही करायची,
डिम्प्नाच्या टेबलावर. तिथल्या पेनाला दोरी बांधलेली असते,
कारण गेल्या वर्षी नऊ पेनं शर्यतीआधीच पळाली.
सहीच्या बदल्यात मिळतं
दुसऱ्याच कुणाच्या मापाचं नारिंगी जाकीट,
एक शिट्टी, एक पिवळा झेंडा,
आणि हॅम सँडविच, ज्याविषयी कुणी काही बोलत नाही.

मग गवताचे गठ्ठे. प्लॅस्टिकात गुंडाळलेले,
तरी रात्रीच्या दवानं दुप्पट जड झालेले.
विजेच्या खांबाला बांधतो, दगडी भिंतीला बांधतो,
मॅकएल्हिनींच्या फाटकाला दोन जास्त बांधतो.
का, ते कुणी विचारत नाही.

टिरोनमधला हा रस्ता मला तोंडपाठ आहे.
आठवड्याचे सहा दिवस मी इथून टपाल वाटते,
व्हॅनची काच खाली करून,
कुत्र्यांना नावानं हाका मारत.
आज इथूनच ताशी एकशे चाळीस मैलांनी जातील
दोन प्लंबर, एक गवंडी, भूगोलाचा मास्तर,
आणि मेंढ्या कातरणारा तो लांबाडा लॉर्कन,
ज्याच्या इंजिनाच्या हप्त्याचं पाकीट
दर महिन्याला मीच त्याच्या दारात टाकते.

अकराव्या वळणावर आम्ही दोघं.
यूननचं तोंड येणाऱ्यांकडे,
माझं जाणाऱ्यांकडे.
पुढे कुणी पडलं तर ते आधी मला दिसायला हवं,
म्हणून नियमच तसा.
बावीस वर्षांत मी एकही गाडी येताना पाहिलेली नाही.
मला माहीत आहेत त्या पाठी,
चामड्याची उसवलेली शिवण,
बुटांचे घासलेले तळवे,
जळक्या तेलाचा, नंतर बराच वेळ रेंगाळणारा वास.

मला विचाराल तर शर्यत म्हणजे यूननचा चेहरा.
आधी भुवया,
मग जबडा,
मग वाऱ्यानं कुणी पान उलटावं तसं सगळं तोंड,
आणि तेवढ्यात माझ्या मानेमागून तो आवाज,
जो कानांनी नाही, दातांनी ऐकायचा असतो.

दुपारच्या शर्यतीत, तिसऱ्या फेरीला,
अडुसष्ट नंबर वळणाबाहेर पडला
आणि पुढचं चाक त्याला न विचारता डावीकडे गेलं.
झेंडा माझ्या हातानं माझ्याआधी वर केला.
या खेपेला यूननलाच माझा चेहरा वाचावा लागला.

मी धावले. किती, ते आठवत नाही.
जाकीट मोठं होतं, गुडघ्यांवर फडफडत होतं.
तो ब्लॅकबेरीच्या काट्यांत बसला होता,
पाहुणा आल्यासारखा, जरा अवघडून.
"सॉरी हं," हेल्मेटच्या आतून म्हणाला,
"तुमचा गठ्ठा फुटला."
हलू नकोस, मी म्हटलं. काच वर केली. लॉर्कन.
त्यानंही ओळखलं.
"आज नाही ना आणलं काही?"
नाही रे बाबा, आज सुट्टी.
"गाडी?"
ठीक आहे, म्हटलं. गाडी तीन ठिकाणी पडली होती.
त्याचा हातमोजा धरून बसले.
बाहेरचं चामडं अगदी स्थिर,
आतला हात थांबत नव्हता.

गळ्याचं हाड, डॉक्टर म्हणाले, बाकी काही नाही.
सहाला रस्ता उघडला.
पहिला आला तो शेणखताचा ट्रॅक्टर,
मागे अकरा गाड्यांची रांग घेऊन, निवांत.
आम्ही गवत झाडलं. यूनननं झेंड्याची घडी घातली,
मग मोडली, मग पुन्हा घातली.

सोमवारी कुंपणात माणसाएवढं भोक होतं
आणि त्यातून मेंढ्या रस्त्याकडे बघत होत्या.
दार त्याच्या आईनं उघडलं.
पाकीट न बघताच ॲप्रनच्या खिशात टाकलं.
"तू होतीस ना तिथे?"
होते.
"मी कधी जात नाही बघायला. जीव होत नाही.
पण पडायच्या आधी,
तो येत होता तेव्हा...
छान येत होता का गं?"

माझ्या डोळ्यांपुढे यूननचा चेहरा आला,
तिसऱ्या फेरीतला,
भुवया, जबडा, आणि मग
त्याला स्वतःलाही ठाऊक नसलेलं ते हसू.

फार छान, मी म्हटलं.
आणि कुत्र्याला नावानं हाक मारून
व्हॅनकडे वळले.